भरतीतले पुशअप आणि आपल्या मुली

पहाटे मारेगावहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या मुली आता कुणाला नवलाच्या वाटत नाहीत. कुणी पोलीस भरतीची तयारी करते, कुणी अग्निवीरची, कुणी निमलष्करी दलाची. त्यात आपल्या वस्त्यांतल्या लेकी बऱ्याच आहेत. धावणे त्यांना जमते. लहानपणापासून वावरात चालून, पाणी भरून पाय तयार झालेले असतात. अडते ते पुशअपला. जमिनीवर हात टेकले, छाती खाली नेली की अंग तिथेच बसते, वर उठत नाही. मग मैदानावरची पोरे हसतात आणि मुलगी दुसऱ्या दिवशी धावायलाही येत नाही.

या पानाकडे याबद्दल दोन तऱ्हेचे प्रश्न येतात. मुली विचारतात, "एकही पुशअप निघत नाही, काय करावं?" आणि घरातले, बहुधा भाऊ, विचारतात, "मुलींना कमी अन् मुलांना जास्त, म्हणजे ही सवलतच झाली ना?" दुसरा प्रश्न आम्ही आधी घेतो. कारण तो कानावर पडला की मुलगी मनातून खचते, आणि खचलेल्या मनाने हात उचलत नाहीत.

आधी प्रत्यक्ष काय मागतात ते पाहू. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुशअप नाहीतच. मुलींना ८०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर धावणे १५ गुण आणि ४ किलोचा गोळा १५ गुण, अशी ५० गुणांची मैदानी परीक्षा असते. मुलांना १६०० मीटर धावावे लागते आणि त्यांचा गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा असतो. लष्करी पोलीस दलात मुलींना १.६ किलोमीटर धावणे, १० फूट लांब उडी आणि ३ फूट उंच उडी आहे, पुशअप तिथेही नाहीत. हवाई दलाच्या अग्निवीरात मुलांना १० पुशअप आहेत, मुलींना पुशअप नाहीत, फक्त पोटाचा व्यायाम आणि बैठका. नौदलाने २०२२ च्या पहिल्या अग्निवीर जाहिरातीत मुलींना पुशअप ठेवले नव्हते. पुढच्या जाहिरातींत ते आले: मुलींना १०, मुलांना १५. हे आकडे जाहिरातीगणिक बदलतात. म्हणून अकादमीवाल्याच्या तोंडी सांगण्यावर किंवा मोबाईलवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका. मूळ जाहिरात उघडा आणि शारीरिक चाचणीचे पान स्वतः वाचा.

सगळ्यात बोलका तक्ता सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या अभियांत्रिकी पदवीधरांसाठीचा आहे. शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या तांत्रिक शाखेच्या जाहिरातीत प्रशिक्षणाला येताना अंगात किती तयारी हवी ते दिलेले असते. पुशअप पुरुषांना ४०, स्त्रियांना १५. पुलअप पुरुषांना ६, स्त्रियांना २. पोटाचे सिटअप मात्र ३० आणि २५. आणि बैठका? दोघांनाही ३० च्या दोन फेऱ्या, सारख्याच. पाय पुढे टाकून गुडघा वाकवायचे लंजेसही दोघांना सारखेच.

हा तक्ता एखाद्याने दयेपोटी केला असता तर सगळ्याच रकान्यांत मुलींना थोडे थोडे कमी दिले असते. तसे झालेले नाही. बैठका आणि लंजेसमध्ये एकही आकडा कमी नाही. पोटाच्या कामात जरासा फरक आहे. खांदा, छाती आणि दंडाच्या कामात फरक निम्म्याहून जास्त आहे. शरीर घडते त्याच रेषेत हा तक्ता चालला आहे.

वयात येईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या ताकदीत फार अंतर नसते. वयात आल्यावर मुलाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक मुलीच्या कितीतरी पट वाढते आणि त्याने स्नायू भरतात. ते सगळीकडे सारखे भरत नाहीत, खांदे आणि छातीकडे जास्त भरतात. म्हणून तुलना केली तर स्त्रीची पायांची ताकद पुरुषाच्या सरासरी दोन तृतीयांश ते पाऊण असते, पण हातांची आणि खांद्यांची निम्म्याच्या थोडी वर भरते. ही सरासरी आहे. रोज सराव करणारी मुलगी दिवसभर पानटपरीवर बसणाऱ्या पोराला सहज मागे टाकते. पण दोघांनीही सारखाच सराव केला तर हातांच्या कामात अंतर राहते, आणि त्यात मुलीचा आळस नसतो की भित्रेपणा.

पुशअप म्हणजे स्वतःचेच वजन ढकलणे. मोजणाऱ्यांनी मोजून ठेवले आहे की जमिनीवरच्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण ६४ टक्के भार येतो. ४५ किलोच्या मुलीला दर वेळी २९ किलोच्या आसपास ढकलावे लागते. तिच्या हातांनी आजवर असे ढकलण्याचे काम केलेले नसते. वेचणीत बोटे आणि कंबर राबते, गाठोडे डोक्यावर नेताना मान आणि पाठ, विहिरीवर ओढणारे स्नायू. आपल्या आज्या जाते फिरवत, तेव्हा हाताला थोडेतरी ढकलणे होते. आता तेही राहिले नाही. म्हणजे ही मुलगी अशक्त नाही. तिचे ढकलणारे स्नायू तेवढे कामाला लावायचे राहिले आहेत.

मग सगळ्यांना एकच मोजमाप का नको, असे विचारणारे असतातच. त्यांनाही नीट उत्तर द्यायला हवे, कारण प्रश्न पूर्ण चुकीचा नाही. चाचणी दोन हेतूंनी घेतात. एक, हे शरीर प्रशिक्षणाला तयार आहे का हे पाहण्यासाठी. दोन, ठरावीक काम याला जमते का हे पाहण्यासाठी. पहिल्या हेतूला वेगवेगळे मोजमाप हाच न्याय आहे, कारण १५ पुशअप काढणाऱ्या मुलीने आपल्या शरीराची जेवढी तयारी केलेली असते तेवढीच ४० काढणाऱ्या मुलाने केलेली असते. दुसऱ्या हेतूला मोजमाप एकच हवे. जखमी जवानाला ओढून आडोशाला न्यायचे असेल तर ओढणारी बाई आहे की बुवा याने जखमीचे वजन बदलत नाही. पण मग परीक्षाही त्या ओढण्याची घ्यावी, पुशअपची कशाला?

अमेरिकेच्या लष्करात हा घोळ बरीच वर्षे चालला. तिथे जुन्या चाचणीत १७ ते २१ वयाच्या पुरुषाला दोन मिनिटांत किमान ४२ पुशअप आणि स्त्रीला १९ लागत. मग सगळ्यांना एकच मोजमाप अशी नवी चाचणी आणली. त्यात स्त्रिया मोठ्या संख्येने मागे पडू लागल्या, म्हणून २०२२ मध्ये वय आणि लिंग पाहून वेगळे गुण पुन्हा आणले. जून २०२५ पासून आणखी बदल झाला: लढाऊ कामाच्या २१ शाखांना स्त्री-पुरुष एकच मोजमाप, बाकीच्यांना वेगळे. म्हणजे फिरून गाडी त्याच दोन हेतूंवर आली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २५ मार्च २०२१ रोजी नितीशा प्रकरणात दिलेला निकाल या संदर्भात माहीत असावा. सैन्यातल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायम नेमणूक देताना वैद्यकीय तंदुरुस्तीचा एक निकष लावला होता. कागदावर तो स्त्री-पुरुष दोघांना सारखाच होता. पण पुरुषांची ती तपासणी नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, म्हणजे तरुणपणी झालेली. स्त्रियांना तो हक्कच उशिरा मिळाला, म्हणून त्यांची तपासणी चाळिशी-पंचेचाळिशी उलटल्यावर होत होती. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. नियम सारखा दिसतो, पण ज्यांच्यावर तो पडतो त्यांची परिस्थिती सारखी नसते.

हे आपल्या समाजाला नव्याने समजावायला नको. मोजपट्टी कुणाच्या हातात आहे यावर आपल्या बापजाद्यांची रोजीरोटी ठरली आहे. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेले महार सैनिक इंग्रजांना चालले. पुढे १८९० च्या दशकात त्याच इंग्रजांनी लढाऊ जात आणि बिगरलढाऊ जात अशी फूटपट्टी काढली आणि महारांची भरती बंद केली. त्या दिवसांत कुणी आपल्या माणसांचे पुशअप मोजले नव्हते. जात पाहूनच शरीर नापास केले होते. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जांवर अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केल्यावर ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिची दुसरी बटालियन आपल्या कामठीची. तेव्हा घरातल्या मुलाने बहिणीला "तुला सवलत आहे" म्हणून हिणवण्याआधी, हाच शब्द त्याला स्वतःला कॉलेजात कोण कोण ऐकवते ते आठवावे.

आता पहिला प्रश्न. एकही पुशअप निघत नाही, काय करावे?

हाताला लागण्याआधी रक्त तपासा. हे आम्ही सवयीने लिहीत नाही. विदर्भात बौद्ध समाजात आणि गोंड, कोलाम यांसारख्या आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. मारेगाव तालुक्यात हे सगळेच शेजारी राहतात. सिकलसेल आई-बापाकडून येतो, विटाळाने किंवा स्पर्शाने नाही. एकाकडूनच दोष आला तर माणूस वाहक असतो आणि बहुधा आयुष्यभर ठणठणीत असतो. दोघांकडून आला तर आजार होतो. सरकारी दवाखान्यात बोटाच्या थेंबावर पहिली तपासणी होते. त्यात दोष दिसला तर पुढच्या तपासणीत वाहक की आजारी ते कळते. ही तपासणी मोफत आहे. जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे, त्यामुळे "इथं होत नाही" असे उत्तर मिळाले तर कुठे होते ते विचारल्याशिवाय उठू नका.

व्यायामाशी याचा संबंध काय? अमेरिकेच्या लष्करात भरती झालेल्या सुमारे २० लाख जवानांच्या नोंदी पाहून १९८७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणात अचानक दगावणाऱ्यांत सिकलसेलचे वाहक कितीतरी पटींनी जास्त निघाले. हे वाचून घाबरायच्या आधी पुढचे वाचा. २०१६ मध्ये जवळपास ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा दुसरा अभ्यास आला. तोवर तिथल्या लष्करात पाणी, विश्रांती आणि उन्हाचे नियम सर्वांना कडक लागू झाले होते. त्या अभ्यासात वाहकांच्या मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही. अतिश्रमाने स्नायू तुटण्याचा धोका मात्र त्यांना इतरांपेक्षा दीडपट होता. म्हणजे काळजी घेतली की वाहक मुलगी सैनिक होऊ शकते, बेफिकिरी केली तर जीव जाऊ शकतो.

वाहक मुलीने काळजी घ्यायची ती अशी. व्यायाम हळूहळू आठवड्यांनी वाढवायचा. चार महिने काही न करता भरतीच्या दहा दिवस आधी जीव तोडून धावायचे नाही. एप्रिल-मे मध्ये यवतमाळचे ऊन सर्वांनाच माहीत आहे, त्या दिवसांत सकाळी सातच्या आत आटपायचे. आदल्या रात्रीपासून पाणी प्यायचे. ताप आला, जुलाब झाले की त्या दिवशी सुट्टी. आणि धावताना पाय एकाएकी शिशासारखे जड झाले, मांड्यांत किंवा कमरेत कळ आली, धाप थांबेना, नंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तो थकवा समजू नका. सावलीत आणा, पाणी द्या, दवाखान्यात न्या आणि तिथे पहिल्या वाक्यात सांगा की मुलगी सिकलसेल वाहक आहे. ज्या मुलीला सिकलसेलचा आजारच आहे तिने भरतीची तयारी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नये. हलका व्यायाम तिलाही चांगला, पण किती ते डॉक्टर ठरवतील.

एक अवांतर गोष्ट. तपासणीचा कागद लपवून ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत, लग्न मोडेल म्हणून. वाहकाचे लग्न वाहकाशी झाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. हे दोन्ही घरांना आधी कळलेले बरे. कागद लपवल्याने रक्त बदलत नाही.

दुसरी तपासणी हिमोग्लोबिनची. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या वर हवे. ९ वर असलेली मुलगी पुशअपमध्ये अडते तेव्हा तिला "मन लावून कर" म्हणणे निव्वळ अन्याय आहे. ८ च्या खाली असेल तर व्यायाम थांबवून आधी उपचार करा. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत नको, चहा लोह अंगाला लागू देत नाही. शौच काळी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सिकलसेलचा आजार असेल तर मात्र लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच. आणि मुलगी नुसती वाहक असेल तर "वाहक आहे म्हणून रक्त कमी" असे धरून बसू नका. वाहक असल्याने सहसा रक्त कमी होत नाही. जंत, जास्त जाणारी पाळी किंवा अपुरे जेवण, यांतले काय आहे ते शोधावे लागते.

आता प्रत्यक्ष सराव. आखाड्यातले जुने जोर आणि भरतीतले पुशअप यांत फरक आहे. जोर मारताना कंबर वर नेऊन अंग सापासारखे खालून पुढे काढतात. भरतीत अंग टाचेपासून डोक्यापर्यंत फळीसारखे सरळ हवे. कंबर लोंबली किंवा ढुंगण वर राहिले तर मोजणारा तो धरत नाही. वडिलांनी किंवा आजोबांनी जोर शिकवले असतील तर ताकदीला ते चांगलेच, पण मोजणीसाठी सरळ पुशअपचा वेगळा सराव करा.

गुडघे टेकवून पुशअप करायला सगळे सांगतात. त्यात हातांवर साधारण निम्मे वजन येते, म्हणून सोपे जाते. पण गुडघ्यावर पोट आणि कंबर तितकी कामाला लागत नाहीत, आणि नेमकी तीच नंतर दगा देतात. आम्हाला उंचीवरचा रस्ता जास्त पटतो. हात जितके उंचावर तितका भार कमी. हात ६० सेंटिमीटर उंच ठेवले तर हातांवर वजनाचा ४१ टक्के भार येतो, ३० सेंटिमीटरवर ५५ टक्के, जमिनीवर ६४ टक्के. आपल्या ४५ किलोच्या मुलीसाठी हे १८ किलो, २५ किलो आणि २९ किलो झाले. अंग मात्र पहिल्या दिवसापासून सरळच राहते.

सुरुवात भिंतीपासून करा. हातभर दूर उभे राहून भिंतीला ढकलायचे. ते सहज जमले की घराचा ओटा किंवा विहाराचा कट्टा, मग त्याहून खालची पायरी, मग सगळ्यात खालची पायरी, मग जमीन. खाट किंवा प्लॅस्टिकची खुर्ची नको, ती सरकते आणि दात जातात. तळहात खांद्यांपेक्षा किंचित बाहेर. कोपरे पंखांसारखी फाकवायची नाहीत, अंगाशी थोडी तिरकी ठेवायची, नाहीतर खांदा दुखतो. खाली जाताना श्वास आत, वर येताना बाहेर. श्वास कोंडू नका. छाती कट्ट्याला जवळपास लागेपर्यंत खाली जा, वर हात पूर्ण सरळ. पोट आणि ढुंगण आवळून धरा.

आठवड्यातून तीन दिवस पुरे, एका आड एक. रोज केले तर स्नायूला भरायला वेळच मिळत नाही. एका दिवशी चार फेऱ्या, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. प्रत्येक फेरीत अजून एक-दोन निघतील असे वाटते तेव्हाच थांबा. थरथरत, वाकडे होत काढलेला शेवटचा पुशअप वाकडेपणाच शिकवतो. एका उंचीवर १२ च्या तीन फेऱ्या नीट झाल्या की एक पायरी खाली उतरा. खाली उतरल्यावर आकडा ५-६ वर येईल. ते ठरलेलेच आहे, नाराज होऊ नका.

जमिनीवर पोचल्यावरही पहिला पुशअप वर येत नसेल तर फक्त खाली जाण्याचा सराव करा. हात सरळ ठेवून सुरू करायचे, मनात पाच मोजत हळूहळू छाती जमिनीला लावायची, मग गुडघे टेकून वर यायचे. असे पाच-पाच वेळा. वजन सोसून खाली सोडण्यानेही स्नायू तयार होतो, आणि आम्ही पाहिलेल्या बऱ्याच मुलींचा पहिला पूर्ण पुशअप या वाटेनेच आला. याच्या जोडीला कोपरांवर अंग सरळ धरून २० सेकंद, पुढे वाढवत एक मिनिट.

याला किती दिवस लागतात? मुलीमुलीत फरक आहे. तीन महिने हाताशी ठेवा आणि वहीत तारीख, उंची, आकडा लिहीत जा. जाहिरात आल्यावर सुरू केले तर उशीर होतो. पोलीस भरतीच्या मुलींनीही हा सराव सोडू नये. गोळाफेक म्हणतात खरे, पण गोळा फेकायचा नसतो, खांद्यापासून ढकलायचा असतो. छाती आणि दंडाचे तेच स्नायू तिथे १५ गुण मिळवून देतात.

वेचणीच्या दिवसांत, दिवाळीपासून पुढे, मुलगी दिवसभर वाकून येते. त्या दिवशी संध्याकाळी धावणे आणि पुशअप दोन्ही लादू नका. सकाळी दोन फेऱ्या काढून वावरात गेली तरी पुरे. जमेल त्या आठवड्यात एक दिवस तिची मजुरी बुडाली तर बुडू द्या. भाऊ भरतीची तयारी करतो तेव्हा त्याला वावरात कोण पाठवते?

जेवणाचेही तेच. आपल्या घरांत अजून बाई शेवटी जेवते आणि वरण तळाला गेलेले असते. स्नायू वरणाने, अंड्याने, मासळीने भरतो. ज्वारीची भाकर, तुरीचे घट्ट वरण, अंबाडी किंवा मेथीची भाजी, मूठभर शेंगदाणे, भिजवलेले चणे, जवसाची चटणी, परवडेल त्या दिवशी दोन अंडी किंवा सुकट. एवढ्यावर मुलगी तयार होते. अकादमीच्या बाहेर डब्यातली पावडर विकतात, ती घेतली नाही तरी काही बिघडत नाही. ताकदीचे म्हणून कुणी इंजेक्शन किंवा गोळी देऊ केली तर मुळीच घेऊ नका. त्यात काय आहे ते विकणाराही सांगत नाही आणि मुलींमध्ये त्याने पाळी बिघडते, आवाज बदलतो.

म्हाताऱ्या बायांची एक भीती आमच्या कानावर नेहमी येते: असले व्यायाम केले की गर्भाशय सरकते, पुढे मूल राहत नाही. हे खरे नाही. गर्भाशय कमरेच्या हाडांच्या आत स्नायूंनी आणि बंधांनी धरलेले असते, पुशअपने ते हलत नाही. पाळीतही व्यायाम चालतो. पोट दुखत असेल तर त्या दिवशी कमी करावा. पाळी दोन-तीन महिने आलीच नाही तर मात्र मुलगी जेवते त्यापेक्षा जास्त राबते आहे असे समजा आणि दवाखान्यात दाखवा. घट्ट बसणारी ब्रा घ्या, ओढणीची गाठ मारून धावू नका.

राहिला जागेचा प्रश्न. मैदानावर पोरांसमोर पहिले पंधरा दिवस लाज वाटते, आणि घरात दहा बाय दहाच्या खोलीत जागा नसते. विहाराचे आवार सकाळी मोकळे असते. तिथे पायऱ्या आहेत, कट्टा आहे, भिंत आहे, म्हणजे वर सांगितलेली सगळी उंची एकाच ठिकाणी आहे. रोजच्या वंदनेच्या वेळेआधी अर्धा तास मुलींसाठी ठेवावा, आणि एखाद्या ताईने किंवा मावशीने तिथे बसून मोजावे. मोजताना तीनच गोष्टी पाहायच्या: छाती खाली गेली का, हात सरळ झाले का, कंबर लोंबली का. यातली एक जरी चुकली तरी तो पुशअप धरायचा नाही.